पाचवा ठिपका

आठ वर्षं आम्ही चिंचणीला घरमालकांच्या वाडीत भाड्याने राहिलो आणि आठ वर्षांत त्यांनी मला नुसतं बघून एकदाही ओळखलं नाही. विहिरीच्या वाटेवर समोरासमोर आलो तरी थांबायचे, माझ्या मानेच्या आसपास कुठेतरी बघायचे आणि विचारायचे, "कोण?"

"मी, काका. सिस्टरांची मोठी."

"हां. आवाज तुझाच हाय."

पहिली दोन वर्षं मला वाटलं, हा मालकपणा आहे. भाडेकरू म्हणजे यांच्या लेखी माणूसच नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, नुकतीच संघटनेत जायला लागले होते. खाडीच्या पाण्यावर आणि कारखान्यातल्या ठेक्याच्या कामगारांवर पत्रकं लिहायला शिकत होते, आणि पत्रकं लिहायला शिकणाऱ्या माणसाला जगात मालक फार दिसतात. खरं कारण आईने, म्हणजे गावाच्या सिस्टरने, सांगितलं. "तू कानात काही घालत नाहीस ना," ती म्हणाली, "मग ते तुला ओळखणार कसे?"

दागिने घालायचे नाहीत, हा माझा सोळाव्या वर्षापासूनचा निर्णय. त्याची कारणं मी अजूनही न थांबता अर्धा तास सांगू शकते. पण त्या निर्णयामुळे मी चिंचणीतल्या एका माणसाला कायमची दिसेनाशी होईन, हे काही मी हिशेबात धरलं नव्हतं.

ते डाय खोदायचे. आमच्या किनाऱ्यावर हा घराघरातला धंदा आहे. सोन्याच्या बाजारात जो दागिना ठशावर उठवतात, त्याचा पोलादी ठसा इथे कुणाच्या तरी पडवीत तयार होतो. मुठीएवढा पोलादाचा ठोकळा शेगड्याच्या पकडीत आवळायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि छिन्नीने, पंचाने, हलक्या हातोडीने त्यात खोलगट नक्षी मारत जायची. पान, फूल, मोर, कोयरी. ती खोलगट नक्षी सोन्याच्या पत्र्यावर उठून येते आणि कुणाच्या तरी कानात, गळ्यात जाते. खोदणाऱ्याला ते गळे कधी दिसत नाहीत. संघटनेतल्या माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते लगेच पत्रक काढायला निघायचे. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "गळं कशाला बघायचं? गळं सगळं सारखंच."

चाळीसेक वर्षं त्यांनी हे केलं होतं. हातोडीच्या टकटकीने ऐकू कमी यायचं. लग्न केलं नव्हतं. घरात गुंजभर सोनं नव्हतं. कपाळावर सरकवलेलं भिंग ते विसरायचे, आणि ते तसंच घेऊन बाजारात जायचे, त्यामुळे लांबून तिसरा डोळा असल्यासारखं दिसायचं. माणसाशी बोलताना ते तोंडाकडे बघत नसत. कानाकडे बघत. मी एकदा सरळच विचारलं, की काका, तुम्ही लोकांच्या तोंडाकडे का बघत नाही?

"तोंड हलतं," ते म्हणाले. "सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं. कान हलत नाय."

या उत्तरावर मी बराच विचार केला. अजूनही करते. त्या माणसाच्या डोक्यात चिंचणी गाव कसं दिसत असेल? चेहऱ्यांच्या जागी सगळा धूसर पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ, रेखीव झुमके, वेल, टॉप, रिंगा?

आमची आई त्यांच्या डोक्यात 'पाचवा ठिपका' होती. तिच्या कानात लग्नातले सोन्याचे गोल टॉप असायचे, त्यावर कडेने सात ठिपके. वाडीतल्या आमच्या पहिल्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी तिने ताटात निरांजन घेतलं, फराळ घेतला आणि थेट त्यांच्या खोदकामाच्या खोलीत गेली. आई जव्हारकडची, तिला सख्खा भाऊ नाही. "मला भाऊ नाही, तुम्हाला बहीण नाही," ती म्हणाली. "बसा पाटावर."

ते स्टुलावरच बसले. तिने ओवाळलं. ओवाळताना त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि तिच्या कानाकडे वाकून बघितलं.

"हे कोणी खोदलं?"

"काय?"

"कानातलं. पाचवा ठिपका हललाय. खोदणाऱ्याचं लक्ष नव्हतं."

मग ओवाळणी. खिसे चाचपले, इकडेतिकडे बघितलं, आणि नुकत्याच खोदलेल्या डायवर तांब्याचा पातळ पत्रा ठेवला, वर शिशाचा तुकडा ठेवला आणि एक दणका हाणला. पत्र्यावर आंब्याचं पान उठलं, शिरांसकट. ते त्यांनी ताटात टाकलं. "सोनं नाय हाय आमच्याकडं."

तेव्हापासून दरवर्षी तेच. भाऊबीजेला त्या वर्षातल्या शेवटच्या डायचा तांब्याचा ठसा. आमच्या भिंतीवर सहा पत्रे ओळीने लागले होते, खिळ्यांनी. आंब्याचं पान, मासा, जुईची कळी, दोन मोर, करवंदाचा घोस आणि एक नुसती जाळी.

सातव्या दिवाळीचं हे आहे.

त्या वर्षी मार्चपासून सगळं बंद झालं, हे सांगायला नको. बाबांची बोईसरची कंपनी बंद. धाकटीची शाळा बंद. आमच्या संघटनेचं काम म्हणजे फोनवर फोन आणि रस्त्याने चालत निघालेल्या कामगारांना पाणी. आई गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिका, तिला बोईसरला पाठवलं. तिथे एका रिकाम्या वसतिगृहात कोविडचं केंद्र उघडलं होतं. तिला घरी यायला मनाई नव्हती, पण तीच यायची नाही, आमच्या भीतीने. उन्हाळ्यापासून ती घरी आली नाही. बाबा आठवड्यातून एकदा सायकलवर डबा घेऊन जायचे, फाटकाबाहेर ठेवायचे, वीस पावलं मागे यायचे. मग ती येऊन उचलायची. थाळ्या वाजवून झाल्या होत्या, फुलं टाकून झाली होती, आणि माझी आई एकच रेनकोट धुऊन वाळवून घालत होती, कारण अंगभर घालायचे ते पांढरे पोशाख दर वेळी पुरत नसत. याच्यावर मी सहा पत्रकं लिहिली. एकही कुणी वाचलं नाही, कारण कागद हातात घ्यायला लोक घाबरत होते.

मालकांची मात्र त्या वर्षी वेगळीच गंमत झाली. सगळं गाव मास्क लावून एकमेकांना ओळखेनासं झालं होतं. रेशनच्या रांगेत बायका एकमेकींना "तू कोण गं?" विचारत होत्या. आणि मालक त्या रांगेच्या शेजारून जाताना न चुकता बोलत होते. "काय, तुझ्या झुमक्याचा मणी सापडला काय?" "तुमच्या सुनेनं टॉप बदललं, मोडलं काय जुनं?" उभ्या गावात तेवढ्या एका माणसाला त्या वर्षी काहीच अडचण नव्हती.

फक्त एकदा फजिती झाली. शेजारच्या दांडी गावची एक मावशी त्यांना रोज मासळी द्यायची. तिचा गुडघा धरला म्हणून तिने सुनेला पाठवलं. सून नवी, बाविशीतली, कानात सासूच्या कुड्या. डोक्यावरून पदर, तोंडाला फडकं. मालकांनी टोपलीत बघितलं, कानाकडे बघितलं आणि चौकशी केली, "गुडघा काय म्हणतो गं? तेल लावते काय? या वयात असंच हाय."

सून तिथेच टोपली ठेवून हसायला लागली. मी पडवीतून बघत होते, मीही हसले. तेव्हा हसण्याऐवजी थोडा विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसरी एक गोष्ट त्या वर्षी मला सारखी टोचत होती. एप्रिलपासून त्यांच्या खोलीतून हातोडीचा आवाज थांबला नव्हता. सोन्याचा बाजार बंद, लग्नं बंद, मुंबईहून ठोकळे घेऊन येणारा माणूस बंद. मग हे खोदत काय होते? गावात बोललं जायचं की त्यांना चोरून काम मिळतंय. मला ते पटलं नाही, पण खोटंही ठरवता येईना. शेवटी एका सकाळी मी खिडकीतून बघितलं. शेगड्यात भंगारातला गंजका ठोकळा होता आणि ते त्यावर एक सरळ रेघ मारत होते. ती कानशीने पुसत होते. परत तीच रेघ.

"कोण?" त्यांना सावली जाणवली.

"मी. काय करताय काका?"

"काय नाय."

"मग रेघा कशाला मारताय?"

"हात विसरतो," ते म्हणाले. "डोकं नाय विसरत. हात विसरतो."

दिवाळीच्या आधी आठ दिवस गावातली तीन माणसं त्यांच्याकडे आली. गावाने स्वतःच एक समिती केली होती. प्रत्येक वाडीच्या तोंडाशी बांबूची आडकाठी बांधायची आणि दिवाळीत पाहुणा आत घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. तिघांतला एक मालकांचा चुलतभाऊ. आमचं घर त्यांच्या खोलीच्या समोरच, मधे चिकूची दोन झाडं. सगळं ऐकू येत होतं, कारण मालकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

"सिस्टर येणार काय दिवाळीला?" चुलतभावाने विचारलं.

"माहीत नाय."

"तिकडं रोज पेशंट मरतात. ती आली तर आख्खी वाडी बंद करावी लागंल. तुमी सांगा त्यांना, इकडं येऊ नको म्हणून."

"बघू."

"बघू काय? तुमची वाडी, तुमी बोला."

"बघू म्हटला ना." आणि मग थोडं थांबून, "तुझ्या अंगठीचा खडा पडंल आता. पकड सैल झालीय."

माणसं गेली. मी रात्रभर त्या 'बघू'वर जळत होते. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. सगळ्या अन्यायांत मला 'बघू' हा सगळ्यात जास्त संतापजनक वाटतो, कारण त्याच्याविरुद्ध घोषणा देता येत नाही. मी फोनवर आईला सगळं सांगितलं, अंगठीच्या खड्यासकट. ती म्हणाली, "अगं, त्यांच्या जागी मी असते तर मलाही सुचलं नसतं." मग म्हणाली, "सुट्टी मागितलीये दोन दिवसांची. बघू."

तीही 'बघू'च म्हणाली.

दिवाळी आली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चकल्या केल्या. त्या तेलात सुटून त्यांचे तुकडे तुकडे झाले, तरी त्यांनी ते सगळे गोळा करून डब्यात भरले आणि वर आईचं नाव लिहिलं. धाकटीने आकाशकंदील केला, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचा, आणि चिकूला टांगला. मालक आडकाठीशेजारी स्टूल टाकून बसायचे. नियम म्हटला की ते तो पाळायचे. भरतीची वेळ पाळावी तसा, त्यात मत नसायचं. पाडव्याच्या संध्याकाळी आईचा फोन आला. सुट्टी नाही मिळाली म्हणाली. आवाज बसला होता. घसा जरा धरलाय, दिवसभर त्या मास्कमधून ओरडावं लागतं, म्हणाली. भाऊबीजेला आम्ही तिच्याशिवाय जेवलो. मालकांकडे ओवाळायला कुणी गेलं नाही. तेही आले नाहीत. भिंतीवरचा सातवा खिळा बाबांनी आधीच ठोकून ठेवला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबा दूध आणायला गेले तर नाक्यावर रिक्षावाला भेटला. त्याने सहज विचारलं, "सिस्टरांना परवा असं लगेच का परत पाठवलंत? पाच मिनिटांत माघारी आल्या. मीच सोडलं परत बोईसरला."

बाबा दूध न घेताच आले आणि त्यांनी आईला फोन लावला. स्पीकर चालू होता. मग तिने सांगितलं. पाडव्याच्या दुपारी ती आली होती, आम्हाला न सांगता, आम्ही खूश होऊ म्हणून. तपासणी करून आली होती, काही निघालं नव्हतं. आडकाठीशी उभी राहिली. मालकांनी तिच्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि हात वर करून म्हणाले, "थांबा. पाहुण्यांना बंदी हाय. कोणाकडं आलात?"

"मग तू काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, कुणाकडे नाही. आणि फिरले."

"अगं पण—"

"त्यांनी ओळख दाखवली नाही हो. सहा वर्षं ओवाळलं त्यांना. तोंडावर नाही म्हणायला जड गेलं असेल त्यांना. मी कशाला आणखी जड करू?"

तिने हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. बाबा फोन हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी चार्टपेपर काढला.

'टाळ्या कोणासाठी, आडकाठी कोणाला?' हे वर लाल स्केचपेनने. खाली तेहतीस ओळी. गावाने कोणाकडून सुया टोचून घेतल्या, कोणाकडून बाळंतपणं करून घेतली, आणि तिलाच दाराशी ओळख न देणारी ही कुठली जात आहे माणसांची, वगैरे. बाबा म्हणाले, "त्यांचं नाव घालू नकोस." नाव मी घातलं नाही. 'एक घरमालक' लिहिलं. मग तांदळाच्या पिठाची खळ केली आणि ते पत्रक पहाटे आडकाठीवरच चिकटवलं, आतल्या बाजूने, म्हणजे स्टुलावर बसणाऱ्याला समोरच दिसेल असं.

मालक सकाळी आले. स्टूल ओढलं. भिंग डोळ्यावर घेतलं आणि वाचायला लागले. एकेका अक्षरावर थांबत होते. मी चिकूआडून बघत होते. माझं कुठलंही पत्रक कुणी इतकं वाचलेलं नाही, ना आधी, ना नंतर. ऊन डोक्यावर आलं तरी ते वाचत होते. मग उठले आणि आमच्या पडवीत आले.

"कोण लिवलं ते?"

"मी."

"त्यात लिवलंय, सिस्टर आलेल्या. कधी?"

"पाडव्याला. दुपारी. तुम्ही हाकललंत."

ते माझ्या मानेकडे बघत राहिले. "ती?" ते म्हणाले. "निळ्या साडीतली? ती सिस्टर?"

"मग कोण?"

"तिच्या कानात काय नव्हतं."

बाबा आतून बाहेर आले. तिच्या कानात खरंच काही नव्हतं. केंद्रात पहिल्याच दिवशी सगळ्यांना अंगावरचं काढायला लावलं होतं, बांगड्या, अंगठी, कानातलं, सगळं. टॉप तिने गोळ्यांच्या डबीत ठेवले होते, हे बाबांना माहीत होतं. दर आठवड्याला वीस पावलांवरून ते तिला बघत होते. पण त्यांना कान बघायची गरजच नव्हती, ते चेहरा बघत होते. आणि आवाज बसलेला, त्यावर मास्क. समोर अर्धबहिरा माणूस.

"तिचा पाचवा ठिपका..." मालक म्हणाले आणि थांबले.

"काका," मी म्हटलं, "सहा वर्षांत तुम्ही तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. त्यांच्या कपाळावरून मला ते कळत होतं. मग म्हणाले, "नाय."

मी म्हटलं, पत्रक काढून टाकते. तेवढं तरी करायला पाहिजे होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यात खोटं काय हाय? हाकललं ते हाकललंच." जायला निघाले, परत वळले. "पण तू सगळी अक्षरं एकाच जोरात मारलीस. वाचताना डोळा कुठं ठेवायचा ते कळत नाय. हातोडी अशी मारत नाय. एका जागी जोर, बाकी हलकं."

त्या दिवशी एप्रिलनंतर पहिल्यांदा त्यांच्या खोलीतून आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून निघाले. कित्येक वर्षांत ते चिंचणीच्या बाहेर गेले नव्हते. समुद्रावर जायचे आणि परत यायचे. पुढचं मी आईकडून ऐकलंय, आणि दर वेळी सांगताना ती मधेच थांबते.

पाम गाव ओलांडून, रसायनांच्या टँकरमधून वाट काढत ते बोईसरला त्या वसतिगृहाच्या फाटकाशी पोचले. रखवालदाराने विचारलं, "किससे मिलना है, बाबा?"

"बहन से."

"नाम?"

नाव त्यांना माहीत नव्हतं. सहा वर्षं ते तिला सिस्टर म्हणत होते, सगळं गाव म्हणायचं तसं. ते फाटकातून आत बघत राहिले. आतून माणसं येत-जात होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, डोक्यावर टोपडं, कानसुद्धा झाकलेले. त्यांना ओळखायला तिथे काहीच नव्हतं. ते तसेच उभे राहिले, सकाळपासून दुपारपर्यंत. रखवालदाराने त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. शेवटी आईनेच त्यांना खिडकीतून बघितलं, कपाळावरच्या भिंगावरून ओळखलं आणि ती पोशाख उतरवून, हात धुऊन, मास्क लावून बाहेर आली. वीस पावलांवर थांबली.

"भाऊ?"

त्यांना ऐकू आलं नाही. तिने हात हलवला.

"पाडव्याला आडकाठीवरनं परत गेली ती तूच ना?" त्यांनी ओरडून विचारलं. आधी कधी ते तिला 'तू' म्हणाले नव्हते.

"मीच."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही ओळख दाखवली नाहीत. म्हटलं, नाही म्हणायला जड जातंय."

"मला नाय म्हणायचं असतं तर नाय म्हटला असता. ओळखलं नाय. ओळखून नाय हाकललं." मग त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. "मास्क ऱ्हाऊ दे. कान दाखव."

आईला वाटलं, उन्हाने झालं काहीतरी. पण तिने मान वळवली, केस मागे घेतले. रखवालदार बघतोय, आतल्या दोन परिचारिका बघतायत, आणि माझी आई फाटकाशी डावा कान दाखवून उभी आहे. ते वीस पावलांवरून बघत होते. "किती वेळ?" असं मी तिला विचारलं होतं. "मान दुखायला लागली," ती म्हणाली. मग ते म्हणाले, "हां," आणि सायकलवर बसून निघून आले.

त्या संध्याकाळपासून हातोडी परत सुरू झाली, पण आवाज बदलला होता. आधी एकसारखी टकटक असायची. आता दोन हलके ठोके, मग शांतता, मग एक जोराचा.

धाकटी कंदील काढायला गेली तर त्यांनी काढू दिला नाही. चुलतभाऊ आडकाठीशी आला. "दिवाळी झाली की. कंदील काय ठेवलाय अजून?"

"आमची नाय झाली."

"म्हंजे सिस्टर येणार?"

"येणार."

"आणि काय झालं तर? जबाबदारी कोणाची?"

"सात दिवस ती माझ्या खोलीत ऱ्हाईल. मी पडवीत. कोण जाणार नाय, कोण येणार नाय." त्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं. "खडा पडला ना?"

चुलतभावाने अंगठी झाकली. खडा खरंच पडला होता. मग तो आला तसा परत गेला.

त्या खोलीत त्यांनी कधी कुणाला झाडूसुद्धा मारू दिला नव्हता. ती त्यांनी रिकामी केली. शेगडा, छिन्न्या, ठोकळे, सगळं उचलून पडवीत आणलं. भिंती धुतल्या. आई आली ती देवदिवाळीच्या सात दिवस आधी. या वेळी ती खबरदारी घेऊन आली होती, कानात टॉप घालून. आडकाठीशी उभी राहून तिने मान जराशी वळवली, सात ठिपके दिसतील अशी.

मालकांनी बांबू उचलला. "काढ ते," ते म्हणाले. "आता लागत नाय."

तिने तिथेच, रस्त्यावर, दोन्ही टॉप काढले आणि पदराच्या टोकाला बांधले.

सात दिवस ती त्या खोलीत आणि आम्ही समोर. दारात ताट ठेवायचं, मागे यायचं. बाबांच्या चकल्यांचे तुकडे तिने सगळे खाल्ले, चहात बुडवून. मालक पडवीत खोदत होते, त्यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती, आणि आई म्हणायची, रात्रपाळीच्या सगळ्या महिन्यांची झोप मी त्या टकटकीत काढली.

आठव्या दिवशी देवदिवाळी होती. तिने पाट मांडला, ते पाटावर बसले, या वेळी स्टुलावर नाही. तिने ओवाळलं. त्यांनी ताटात तांब्याचा पत्रा ठेवला. आईने तो उचलून उजेडात तिरका धरला. आम्ही तिघे तिच्या खांद्यावरून बघत होतो.

एक कान होता. नुसता, डावा. वरची कडा, आतली वळणं, खाली पाळी. पाळीत टोचलेल्या जागी बारीक खळी, कारण इतक्या महिन्यांत भोक बुजत आलं होतं. आणि कानामागून गालाकडे जाणारी मास्कची दोरी, तिचा पीळसुद्धा मारलेला. आईने बोट लावलं, आधी पत्र्यावरच्या पाळीला आणि मग स्वतःच्या.

"भोक बुजलंय ते पण मारलंत?"

"होतं ते मारलं."

बाबा तो पत्रा घेऊन सातव्या खिळ्याकडे गेले. आता आम्ही पालघरला राहतो आणि ते सगळे पत्रे तिथल्या भिंतीवर आहेत. येणारा प्रत्येक जण सातव्यापाशी थांबतो आणि विचारतो, हे काय? आई केस मागे घेऊन दाखवते.

त्या दिवशी निरांजनाचं ताट माझ्या हातात होतं. ते पाटावरून उठले, दाराकडे निघाले आणि माझ्यासमोर थांबले.

"कोण?"

मी बोलले नाही. ताट एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने केस कानामागे घेतले, मान वळवली आणि उभी राहिले. त्यांनी भिंग खाली ओढलं. पुढे वाकले. बराच वेळ बघितलं, अगदी मन लावून.

मग म्हणाले, "नाय. बोल."